जनुक तेच, पण चालू किती? पेशीतल्या आरएनएची मोजदाद

बीटा थॅलेसेमिया मेजर असलेलं बाळ जन्मतः ठणठणीत दिसतं. रंग चांगला, वजन चांगलं. पाच-सहा महिने उलटले की ते फिकं पडू लागतं, दूध नीट ओढत नाही, किरकिर करतं, आणि रक्त तपासलं की हिमोग्लोबिन खाली गेलेलं सापडतं. दोष तर जन्माआधीपासूनच होता. मग इतके महिने बाळ तगलं कशावर?

दुसऱ्याच एका जनुकावर. गर्भात असताना हिमोग्लोबिन बनवायला गॅमा ग्लोबिन हे जनुक कामाला असतं. जन्मानंतर ते हळूहळू बंद होतं आणि बीटा ग्लोबिन त्याची जागा घेतं. ज्या बाळाचं बीटाच बिघडलेलं, त्याचं दुखणं या अदलाबदलीच्या वेळी उघडं पडतं. गॅमाचं जनुक मात्र कुठे गेलेलं नसतं. ते तुमच्या-माझ्या शरीरातही शाबूत आहे, फक्त बंद आहे. २०२३च्या अखेरीस ब्रिटनमध्ये पहिल्यांदा मंजूर झालेला कॅसजेव्ही हा उपचार याच गोष्टीवर उभा आहे. बीसीएल११ए नावाचं जनुक गॅमाला दाबून ठेवतं. रक्त बनवणाऱ्या पेशींत त्याचा जोर कमी केला की गॅमा पुन्हा चालू होतं. परळला केईएमच्या आवारात आयसीएमआरची इम्युनोहिमॅटोलॉजीची राष्ट्रीय संस्था आहे. हिमोग्लोबिनच्या आनुवंशिक आजारांवर तिथे काम चालतं, त्यामुळे गॅमा चालू की बंद हा प्रश्न मुंबईला परका नाही.

म्हणजे जनुक आहे की नाही, बिघडलंय की नाही, एवढ्यावर भागत नाही. ते कुठल्या पेशीत, कधी आणि किती चालू आहे हे मोजता यायला हवं. या चालू असण्याला लॅबमध्ये सगळे ‘एक्सप्रेशन’ म्हणतात. बातम्यांत ‘जनुकीय चाचणी’ या एका नावाखाली डीएनएची तपासणी आणि एक्सप्रेशनची मोजणी एकत्र कालवलेली असते, त्याने बराच घोळ होतो. आनुवंशिक आजारासाठी तुमचा डीएनए आज तपासला आणि दहा वर्षांनी तपासला तरी उत्तर तेच येईल. एक्सप्रेशनचं तसं नाही. ताप आला, जेवण झालं, रात्रभर जागरण झालं, तरी ते काही तासांत बदलतं.

आपल्या जवळजवळ सगळ्या पेशींत जनुकांचा संच एकच आहे. प्रथिनं बनवणारी सुमारे २०,००० जनुकं यकृतातही तीच आणि डोळ्याच्या पडद्यातही तीच. यकृत यकृतासारखं वागतं ते त्यातली कोणती चालू आणि कोणती बंद यामुळे. जनुक चालू असलं की पेशी डीएनएच्या तेवढ्या भागाची आरएनएमध्ये प्रत काढते. हाच तो मेसेंजर आरएनए, कोविडच्या लशींमुळे घराघरांत पोचलेला एमआरएनए. त्या प्रतीवरून पुढे प्रथिन बनतं. एका पेशीत अशा प्रती साधारण लाख ते काही लाख असतात. काही जनुकांच्या हजारो, काहींच्या दोन-चार, कित्येकांची एकही नाही. या प्रती जनुकवार मोजायच्या, एवढंच सगळं काम आहे. खरं काम करतं ते प्रथिन, आणि एमआरएनए जास्त म्हणजे प्रथिनही त्याच प्रमाणात जास्त असं दर वेळी नसतं. तरीही एमआरएनए मोजतात, कारण सगळ्या जनुकांची मोजणी एका दमात करायची तर आज तेच सर्वांत सोपं आहे.

१९७७च्या नॉर्दर्न ब्लॉट या पद्धतीत एका वेळी एक जनुक पाहता यायचं. १९९५मध्ये स्टॅनफर्डहून मायक्रोअरे आला आणि हजारो जनुकं एका काचपट्टीवर आली. पण ज्या जनुकांचे तुकडे पट्टीवर आधीच लावलेत तेवढीच दिसणार, आणि मोजायची ती त्यांना चिकटलेल्या रंगाची चमक. २००८च्या सुमारास काही गटांनी वेगळी वाट धरली. आधीपासून काही ठरवायचंच नाही, नमुन्यातल्या आरएनएचे तुकडे थेट वाचायचे आणि कोणत्या जनुकाचे किती आले ते मोजायचं. हेच आरएनए सिक्वेन्सिंग, लॅबच्या भाषेत आरएनए-सेक.

बर्फावरचं काम

यंत्राचं कौतुक खूप होतं, पण निकाल बराचसा त्याआधीच ठरलेला असतो. आरएनए भलता नाजूक. तो तोडणारी आरनेज नावाची विकरं आपल्या घामात, बोटांवर, टेबलावर, सगळीकडे असतात आणि त्यांतली काही ऑटोक्लेव्हमधूनही, म्हणजे दाबाखालच्या वाफेतूनही, वाचतात. म्हणून नव्या विद्यार्थ्याला पहिली शिकवण हातमोजे वारंवार बदलण्याची. मोबाइल उचलला, दाराची कडी लावली, की मोजे बदल.

ऊतीचा तुकडा ट्रायझॉल नावाच्या गुलाबी द्रवात कुटतात. फिनॉलचा उग्र वास, म्हणून हे काम वाफा खेचून घेणाऱ्या कपाटात, फ्यूम हूडमध्येच. क्लोरोफॉर्म घालून ट्यूब जोरात हलवायची आणि थंड सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवायची. बाहेर काढली की तीन थर दिसतात: खाली गुलाबी, मध्ये पांढुरकी साय, वर पाण्यासारखा स्वच्छ थर. आरएनए त्या वरच्या थरात. पिपेटचं टोक सायीला न लावता तो उचलायचा. लोभाने शेवटचा थेंब घ्यायला जावं तर सायीतला डीएनए सोबत येतो, आणि पुढची सगळी मोजणी गढूळ होते. थोडं मागे ठेवून द्यायचं. मग आयसोप्रोपेनॉल घालून पुन्हा फिरवलं की ट्यूबच्या तळाला जेमतेम दिसेल असा एक अर्धपारदर्शक ठिपका उरतो. कधी कधी तोही दिसत नाही, ट्यूब नेमकी कुठल्या बाजूने ठेवली होती त्यावरून त्याची जागा ओळखावी लागते.

हा आरएनए किती शाबूत आहे याला १ ते १० गुण देतात, आणि नेहमीच्या कामासाठी सातच्या खाली गेलेला नमुना शहाणी माणसं सहसा पुढे पाठवत नाहीत. मला हा आकडा अहवालातल्या रंगीत आलेखांपेक्षा महत्त्वाचा वाटतो.

पुढची अडचण अशी की पेशीतला ८० टक्क्यांहून जास्त आरएनए रायबोसोमचा, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रणेचा असतो. एमआरएनए जेमतेम काही टक्के. सगळंच वाचत बसलं तर पैसा रायबोसोमवरच जाईल. सुदैवाने आपल्या एमआरएनएच्या टोकाला ‘ए’ अक्षरांची लांब शेपटी असते. त्या शेपटीला चिकटणारे ‘टी’ अक्षरांचे तुकडे चुंबकी मण्यांवर लावून एमआरएनए गळाला लावतात. जिवाणूंच्या एमआरएनएला अशी लांब शेपटी नसते. म्हणून क्षयाच्या जंतूचं स्वतःचं एक्सप्रेशन मोजायचं असेल तर रायबोसोमचा आरएनए वेगळा काढून टाकावा लागतो.

प्रचलित यंत्रं डीएनए वाचतात, म्हणून एमआरएनएवरून उलट डीएनए बनवावा लागतो. हे करणारं विकर, रिव्हर्स ट्रान्सक्रिप्टेज, १९७०मध्ये हॉवर्ड टेमिन आणि डेव्हिड बाल्टिमोर यांनी स्वतंत्रपणे शोधलं आणि १९७५च्या नोबेलमध्ये दोघांचा वाटा होता. त्या डीएनएच्या छोट्या तुकड्यांना दोन्ही टोकांना ठरावीक जोडतुकडे लावतात, प्रत्येक नमुन्याला त्याची खूणअक्षरं देतात आणि सगळे नमुने एकत्र करून यंत्रात घालतात. आज सर्वांत जास्त वापरली जाणारी पद्धत एकेक रंगीत अक्षर जोडत जाते आणि दर वेळी फोटो काढते. तिचं मूळ केंब्रिजच्या शंकर बालसुब्रमण्यम आणि डेव्हिड क्लेनरमन यांच्या कामात आहे. बालसुब्रमण्यम यांचा जन्म चेन्नईचा. त्यांच्या सोलेक्सा कंपनीला २००७मध्ये इल्युमिनाने विकत घेतलं.

यंत्रातून निघालेली फाइल उघडली तर प्रत्येक तुकड्यासाठी चार ओळी दिसतात. पहिलीत तुकड्याचं नाव. दुसरीत ए, सी, जी, टी ही अक्षरं, साधारण शंभर-दीडशे. तिसरीत नुसतं अधिकचं चिन्ह. चौथीत अगम्य वाटणारी चिन्हं, दुसऱ्या ओळीतल्या प्रत्येक अक्षरासाठी एक. ती चौथी ओळ मला फार आवडते. यंत्र तिथे सांगतं की या अक्षराबद्दल माझी खात्री किती. गुण ३० असेल तर हजारात एकदा चूक, ४० असेल तर दहा हजारांत एकदा. आपल्या प्रत्येक अक्षरासोबत स्वतःच्या शंकेचा आकडा देणारं मोजमाप विरळाच.

आकडे वाचताना

असे दोन-तीन कोटी तुकडे प्रत्येक नमुन्यातून येतात. त्यांना ‘रीड’ म्हणतात. स्टार, सॅमन यांसारखे प्रोग्राम प्रत्येक रीड कोणत्या जनुकाचा ते शोधतात आणि शेवटी हाती येतो एक तक्ता. आडव्या ओळींत जनुकं, उभ्या रकान्यांत नमुने, चौकटींत संख्या.

आता एक छोटं गणित. पहिल्या नमुन्यात एका जनुकाचे ६०० रीड आले, दुसऱ्यात १,०००. जनुक वाढलं का? पहिल्यात एकूण २ कोटी रीड होते आणि दुसऱ्यात ४ कोटी. म्हणजे दर कोटीमागे पहिल्यात ३०० आणि दुसऱ्यात २५०. वाढलं तर नाहीच, उलट कमीच दिसतंय. शिवाय लांब जनुकाचे तुकडेही जास्त पडतात, त्यामुळे एकाच नमुन्यातल्या दोन जनुकांची तुलना करायची तर लांबीनेही भागावं लागतं.

आणि एवढं करूनही एक गोम उरते. यंत्र ठरावीक संख्येचेच रीड देतं, म्हणजे एकाचा वाटा वाढला की बाकीच्यांचा आपोआप घटतो. रक्ताच्या नमुन्यात याचा चांगलाच फटका बसतो, कारण तिथे बऱ्याचदा निम्म्याहून जास्त एमआरएनए एकट्या ग्लोबिनचा असतो. एखाद्या रुग्णात नव्या तांबड्या पेशी जास्त तयार होत असतील तर ग्लोबिन आणखी जागा खातं, आणि पांढऱ्या पेशींतली शेकडो जनुकं काही न करता ‘कमी झालेली’ दिसतात. म्हणून ग्लोबिन आधीच काढून टाकतात, किंवा बहुतेक जनुकं बदललेली नाहीत असं धरून त्यांच्या आधाराने आकडे जुळवतात. यातला दुसरा मार्ग गृहीतकावर उभा आहे, हे विसरू नये. पेशीतलं सगळंच एक्सप्रेशन एकदम वाढलं असेल तर तिथे ही पद्धत फसते.

आणखी एक. २०,००० जनुकं एकाच वेळी तपासली आणि प्रत्येकाला ‘शंभरात पाच चुका चालतील’ असा नियम लावला, तर खरा फरक अजिबात नसतानाही सुमारे १,००० जनुकं बदललेली निघतील. म्हणून खोट्या निष्कर्षांचं प्रमाण आवरणारी दुरुस्ती करावीच लागते. ती न करता कोणी यादी पुढे ठेवली तर ती यादी बाजूला ठेवावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

अख्ख्या चाळीचं बिल आणि खोलीचा मीटर

आतापर्यंत सांगितलं ते ऊतीच्या तुकड्यातल्या लाखो पेशींची एकत्र मोजणी. समजा गिरगावातल्या एका चाळीला चाळीस खोल्या आहेत आणि वीजबिल सगळ्यांचं मिळून एकच येतं. मे महिन्यात बिल वाढलं. सगळ्यांनी पंखे जास्त फिरवले, की एकाच खोलीत एसी बसला, की सुट्टीत चार घरी पाहुणे आले? बिल बघून सांगता येत नाही. खोलीगणिक मीटर हवा.

कर्करोगाच्या गाठीत हाच पेच असतो. गाठीत कर्कपेशी असतात, तशाच प्रतिकारशक्तीच्या टी पेशी, रक्तवाहिन्यांच्या पेशी, तंतू विणणाऱ्या पेशीही असतात. उपचारानंतर एखाद्या जनुकाचा आकडा वाढला, तर ते जनुक जोरात चालू झालं, की ज्यांत ते आधीपासूनच चालू होतं अशा टी पेशी गाठीत जास्त शिरल्या? डॉक्टरसाठी या दोन गोष्टींत जमीन-अस्मानाचा फरक आहे.

एका पेशीतला एकूण आरएनए १० ते ३० पिकोग्रॅम. एक पिकोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा एक लाख कोटीवा भाग. एवढ्याशा ऐवजातून सगळा एमआरएनए वाचण्याचं काम २००९मध्ये केंब्रिजला अझीम सुरानी यांच्या गटाने उंदराच्या सुरुवातीच्या भ्रूणातल्या पेशीवर करून दाखवलं. २०१५मध्ये हार्वर्डच्या गटांनी तेच तेलातल्या थेंबांत आणलं आणि हजारो पेशी एका फेरीत मोजता येऊ लागल्या. बारीक नळ्यांतून पाणी आणि तेल असं सोडतात की पाण्याचे सूक्ष्म थेंब तयार होतात. नशिबाने एका थेंबात एक पेशी आणि एक मणी सापडतो. मण्यावर असंख्य धागे, आणि त्या मण्यापुरती खास अशी अक्षरमाला. पेशी थेंबातच फुटते आणि तिचा एमआरएनए त्या धाग्यांना चिकटतो. पुढे सगळे थेंब फोडून एकत्र केले तरी प्रत्येक रीडवर तो कोणत्या पेशीचा ते लिहिलेलं असतं.

प्रत्येक धाग्यावर आणखी एक छोटी अक्षरमाला असते, प्रत्येकावर वेगळी. तिचं काम मला सगळ्यात हुशारीचं वाटतं. एवढासा ऐवज वाचण्याजोगा करायला त्याच्या भरमसाट नकला काढाव्या लागतात, आणि सगळ्यांच्या नकला सारख्या निघत नाहीत. एका रेणूचे पन्नास रीड येतील, दुसऱ्याचे दोन. रीड मोजले तर फसगत. पण धाग्यावरची अक्षरमाला सारखी असलेले सगळे रीड एकाच मूळ रेणूच्या नकला, म्हणून ते एक धरायचे. बारा अक्षरांची माला घेतली तर सुमारे १ कोटी ६८ लाख वेगळ्या खुणा मिळतात. मोजले जातात ते पेशीतले मूळ रेणू, नकला नव्हेत.

या पद्धतीने काय साधलं याचं एक उदाहरण पुरे. सिस्टिक फायब्रोसिस हा फुफ्फुसांचा आनुवंशिक आजार सीएफटीआर जनुकातल्या दोषामुळे होतो, हे १९८९पासून माहीत होतं. श्वासनलिकेत हे जनुक नेमकं कोणत्या पेशींत जोरात चालतं? २०१८मध्ये दोन गटांनी एकाच वेळी उत्तर दिलं: तोवर कोणी वेगळी म्हणून ओळखलीच नव्हती अशा एका पेशीत. अस्तरात तिचं प्रमाण शंभरात एकाच्या आसपास, तरी सीएफटीआर सर्वांत जास्त तिच्यातच. तिला आयनोसाइट नाव दिलं. एकत्र मोजणीत ती कायम सरासरीत बुडालेली होती.

पण या तक्त्यांतली शून्यं जपून वाचावी लागतात. पेशीतले बहुतेक एमआरएनए रेणू पकडलेच जात नाहीत. जनुकाच्या दोन-चारच प्रती असतील तर तक्त्यात सहज शून्य येतं, म्हणून ‘या पेशीत हे जनुक बंद आहे’ असं एका शून्यावरून म्हणता येत नाही. दोन पेशी एकाच थेंबात शिरल्या तर अस्तित्वात नसलेली मिश्र पेशी ‘सापडते’. दहा हजार पेशी मोजायच्या ठरवल्या तर अशा जोड्या सुमारे ८ टक्क्यांपर्यंत जातात. आणि ऊतीतून पेशी सुट्या करायला विकरं घालून ३७ अंशांवर ठेवलं की त्या गोंधळात फॉस, जून ही ताणाची जनुकं चालू होतात. मोजायला घेतल्यामुळेच पेशी बदलते. त्यावर थंडीत काम करणारी विकरं किंवा नुसती केंद्रकं काढून मोजणं असे उपाय आहेत.

पेशी सुट्या केल्या की कोण कुणाच्या शेजारी होती ते मात्र हरवतं. २०१६मध्ये स्टॉकहोमच्या गटाने ऊतीचा पातळ काप थेट खुणा लावलेल्या काचेवर ठेवून जागेसकट मोजणी दाखवली. पुढे बाजारात आलेल्या काचेवरचे ठिपके ५५ मायक्रॉनचे होते, एका ठिपक्याखाली एक ते दहा पेशी. आता त्याहून बारीक पद्धतीही आहेत. ज्यांच्या घरातलं कोणी टाटा मेमोरियलला गेलंय त्यांना ‘ब्लॉक आणि स्लाइड घेऊन या’ हे वाक्य पाठ असतं. फॉर्मलिनमध्ये भिजवून मेणात बसवलेल्या त्या ब्लॉकमधला आरएनए तुटका असतो, तरी छोटे शोधतुकडे वापरून त्यावरही ही मोजणी आता होते. तोंडाच्या कर्करोगासाठी मला यातून मोठी आशा वाटते. गुटखा-तंबाखूने गालाच्या आतल्या बाजूला होणाऱ्या या कर्करोगातले डीएनएचे बिघाड टाटाचं खारघरचं संशोधन केंद्र ॲक्ट्रेक आणि पश्चिम बंगालमधल्या कल्याणी गावची जैववैद्यकीय जनुकशास्त्राची राष्ट्रीय संस्था यांच्या भारतीय गटाने २०१३मध्ये प्रसिद्ध केले होते. गाठीच्या कडेला प्रतिकारपेशी का अडून राहतात, हा प्रश्न मात्र जागेसकट मोजल्याशिवाय सुटण्यासारखा नाही.

नमुना आला कुठून

समजा परळच्या वॉर्डातल्या रुग्णांचं रक्त वीस मिनिटांत लॅबला पोचतं आणि तुलनेसाठी घेतलेल्या निरोगी माणसांचं रक्त विरारच्या शिबिरातून दोन-अडीच तासांनी येतं. ट्यूबमधल्या पेशी जिवंतच असतात, त्यांचं एक्सप्रेशन वाटेत बदलत राहतं. मग तक्त्यात दिसलेला फरक आजाराचा की वेस्टर्न एक्सप्रेस हायवेचा? नंतर कितीही भारी संगणक लावला तरी हे वेगळं करता येत नाही. रक्त काढतानाच आरएनए आहे तसा टिकवणाऱ्या खास ट्यूब वापरायच्या, आणि रुग्ण व निरोगी यांचे नमुने एकाच दिवशी, मिसळून हाताळायचे. हे नियोजन पहिल्या नमुन्याच्या आधी व्हायला हवं.

दुसरी गल्लत संख्येची. दोन रुग्णांच्या वीस हजार पेशी मोजल्या तरी रुग्ण दोनच. वीस हजार हा आकडा छाती दडपवणारा आहे, पण त्या दोन माणसांपलीकडे त्यातून फार काही सिद्ध होत नाही. कुठल्याही अभ्यासाची बातमी वाचताना मी पेशींच्या आकड्यावरून नजर पुढे नेते आणि माणसं किती होती ते शोधते.

मुंबईच्या दृष्टीने या सगळ्याचा सर्वांत जवळचा उपयोग मला क्षयरोगात दिसतो. थुंकीतल्या जंतूचा डीएनए शोधणारी जीनएक्सपर्ट चाचणी आता सरकारी दवाखान्यांतही होते. पण लहान मुलांना थुंकी काढता येत नाही, आणि मणक्याच्या किंवा पोटाच्या क्षयात थुंकी उपयोगी पडत नाही. म्हणून जंतूऐवजी रुग्णाच्या रक्तपेशींचा प्रतिसाद मोजायचा विचार पुढे आला. २०१६मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या सहा हजारांहून जास्त किशोरवयीन मुलांवर नजर ठेवून आरएनए सिक्वेन्सिंगने १६ जनुकांची एक खूण काढली गेली. आजार उमटण्याआधीच्या वर्षभरात ती सुमारे ६६ टक्के मुलांना ओळखत होती, आणि ज्यांना आजार झाला नाही अशांपैकी सुमारे ८० टक्क्यांना बरोबर वगळत होती. दुसऱ्या एका गटाने अनेक देशांच्या खुल्या तक्त्यांतून जीबीपी५, डीयूएसपी३ आणि केएलएफ२ ही तीनच जनुकं निवडली. बोटाला टोचून घेतलेल्या रक्तावर, जीनएक्सपर्टच्याच यंत्रात ती मोजणारी चाचणीही तयार झाली. वीस हजारांवरून तीनवर यायला आधी वीस हजार मोजावी लागली होती.

अडचण अशी की जीबीपी५ हे इंटरफेरॉन या प्रतिकारशक्तीच्या इशारा-प्रथिनामुळे चालू होतं, आणि इंटरफेरॉन विषाणूंच्या तापातही वाढतं. जुलै-ऑगस्टमध्ये डेंग्यू आणि फ्लूच्या रुग्णांनी आपल्या ओपीडी भरलेल्या असतात. मधुमेह आणि एचआयव्हीनेही हे आकडे हलू शकतात. तेव्हा शिवडीच्या क्षयरोग रुग्णालयात अशी चाचणी वापरायची, तर कोणत्या आकड्यापुढे क्षय समजायचा ती रेषा इथल्याच माणसांच्या रक्तावरून, पावसाळ्यातले नमुने धरून आखावी लागेल.